नात्याचा रकाना

माझं अक्षर वाईट आहे, हे चौसाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी बीडच्या एका दैनिकात दर रविवारी लोकांची टिंगल करणारं सदर लिहिलं, आणि एकतीस वर्षं तिथल्या खिळे लावणाऱ्या जुळाऱ्यानं, पुढं ऑपरेटरनं, माझा मजकूर लावताना माझ्या आईबापांची आठवण काढली. त्यामुळं कलीमची थोरली सहर दारात येऊन म्हणाली, "काका, घाणेरडं अक्षर वाचायचंय, तुमच्याशिवाय कोण वाचणार?" तेव्हा मला राग आला नाही. निवृत्त लेखकाला कुणी कशाला का होईना बोलावलं, की तो चपला शोधायला लागतो.

कलीमचा स्टँडसमोर फळांचा गाडा आहे. दिवाळी होऊन गेली होती, गाड्यावर सीताफळांचा शेवटचा माल होता. सहर त्याच गाड्यामागं बसून गणितं सोडवत मोठी झाली आणि आता दिल्लीत एका संस्थेत आकडेवारीचं काम करते. काय काम, ते तिनं चालता चालता सांगितलं. स्वतःला इजा करून घेतलेली माणसं देशभरातल्या दवाखान्यांत कोणत्या महिन्यात येतात, कोणत्या वयाची येतात, त्यातली किती पुन्हा येतात, याचा नकाशा करायचा. नऊ राज्यं, सतरा दवाखाने, तीस वर्षांच्या नोंदी. त्यातला एक दवाखाना आमच्या हायवेवरचा.

मी आयुष्यभर मंत्र्यापासून म्हशीपर्यंत सगळ्यांची थट्टा केली, पण या विषयाला कधी हात लावला नव्हता. कारण विचारू नका.

"मग सापडलं काय?" मी विचारलं.

"एकदा आलेलं माणूस पुन्हा येण्याची भीती सगळ्यात जास्त असते. केरळात जा, झारखंडात जा, चित्र तेच." ती थांबली. "फक्त एक गट असा आहे काका, की त्यातलं एकही माणूस पुन्हा आलेलं नाही. तीस वर्षांत एकही नाही. आकड्यांत 'एकही नाही' असं कधी नसतं. ह्यांना दवाखान्यात आणलं कुणी, तो रकाना कुणी कम्प्युटरवर चढवलेलाच नाही. मला तो बघायचाय."

मग तिनं घड्याळ बघून फोन लावला. पलीकडून एका मुलीचा कंटाळलेला आवाज मलाही ऐकू आला: "जिंदा हूं, आपा." आणि फोन कट.

ती शाईस्ता, तिची धाकटी बहीण. घरी ब्लाऊज शिवते. दोन वर्षांपूर्वी तिलाही याच दवाखान्यात आणलं होतं. वाचली. आणलं कुणी, ते घरात कुणालाच कळलं नाही. कुणीतरी बाई होती, एवढंच. तेव्हापासून सहर दिवसातून तीनदा फोन करते आणि शाईस्ता तीनदा तेच उत्तर देते. दिल्लीतल्या साहेबांना काहीही वाटो, सहरनं देशाचा एवढा मोठा नकाशा त्यातल्या एका ठिपक्यासाठी मांडला होता. शाईस्ता पुन्हा येणाऱ्यांतली की न येणाऱ्यांतली?

दवाखान्याची रेकॉर्डची खोली एक्स-रेच्या मागं आहे. पत्र्याचं छत, एक खिडकी, लाल फडक्यात बांधलेले बस्ते आणि त्यांच्यासोबत म्हातारा होत आलेला ज्ञानोबा. मार्चमध्ये तो रिटायर होणार.

"विठ्ठलराव, तुमी माज्यावर लिव्हलतं एकदा," तो म्हणाला.

"कधी बुवा?"

"ब्याण्णवला. जित्या मानसाला मेल्याचा दाखला. त्यो मीच दिलता."

"मग?"

"मग काय. लई नाव झालं माजं."

त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि पद्धत समजावली. पोलिसांना कळवावं लागतं अशा प्रत्येक केसची नोंद या रजिस्टरात होते. अपघात, मारामाऱ्या, सगळं यातच. रुग्णाचं नाव, वेळ, कसं झालं, आणि शेवटी आणणाऱ्याचं नाव, वय, नातं, अंगठा.

"सही येत असली तर?"

"तरीबी अंगठा. आमच्या पयल्या डॉक्टरसायबानं लावलेली शिस्त हाय. सही मानूस खोटी करतंय, म्हनायचे. कलेक्टर आला तरी अंगठा दिल्याबिगर कागद फुडं सरकत न्हाई."

सहरनं बापाच्या सीताफळाच्या खोक्यातून पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापून आणली होती. ती तिनं 'कसे झाले' या रकान्यावर उभी ठेवली. "हे आपल्याला नको," म्हणाली. तीन दिवसांत ती पट्टी एकदाही हलली नाही.

मी वाचायचं, तिनं टाइप करायचं. बाहेर हायवेवरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर जात होते. संसार, शेळ्या, पोरं आणि वर मोठ्यानं गाणी. दुपारी ज्ञानोबानं चहा मागवला. सहरनं विचारलं, "काका, हल्ली काहीच लिहीत नाही?"

हे तिला सांगणं भाग पडलं. गेल्या वर्षी फाल्गुनात आमची मुक्ताबाई गेली. एकतीस वर्षं माझं सदर छापायच्या आधी वाचून "बरं आहे" म्हणायचं काम तिच्याकडं होतं. त्यानंतर घरात दोन खुर्च्या आणि मी. लेखणी मी कपाटावर टाकून दिली. चैत्रातल्या एका दुपारी, उन्हानं कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती तेव्हा, एक म्हातारी पाणी मागायला दारात आली. मला दार उघडायचं नव्हतं, पण ती जाईना. पाणी प्यायली, रिकाम्या खुर्चीत बसली आणि माझ्या कात्रणांच्या वहीवर हात ठेवून म्हणाली, "ह्ये काय हाय? वाच की."

"मग वाचलंत?" सहरनं विचारलं.

"वाचलं. लोक लोळून हसले होते तो लेख वाचला. ही ढिम्म. मी दुसरा वाचला. तिसरा वाचला. सहर, संध्याकाळपर्यंत अकरा लेख वाचले मी, बाईच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. उठताना म्हणते, 'जुनं झालं समदं. उद्या नवीन लिव्ह, मग यीन.' वर वहीला जांभळा डाग पाडून गेली. एकतीस वर्षांत इतका वाईट वाचक पाहिला नाही मी."

"वाचक कुठं? तिनं तर ऐकलं."

"आमच्या धंद्यात ऐकणाऱ्यालासुद्धा वाचकच म्हणावं लागतं. तेवढाच आकडा वाढतो."

"आली परत?"

"नाही. मी मात्र रागाच्या भरात रोज एक पान खरडतोय. तिला हसवल्याशिवाय सोडणार नाही."

सहर खूप दिवसांनी हसली असावी. मग फोन लावला. जिंदा हूं, आपा.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या यादीतल्या, पुन्हा न आलेल्या माणसांच्या नोंदी एकेक काढल्या. पहिली १९९६ची. शिरूर कासारकडची ऊसतोडीची बाई. आणणाऱ्याचं नाव: सांगितले नाही. नातं: शेजारच्या कोपीतली. फडावर पाचटाच्या झोपडीला कोपी म्हणतात, तिथलीच कुणी शेजारीण. ठीक. दुसरी २००३ची, कडा गावाकडचे एक मास्तर. नाव: सांगितले नाही. नातं: विद्यार्थिनी. तिसरा काळीपिवळीचा ड्रायव्हर, २०११. नाव: सांगितले नाही. नातं: पॅसेंजर.

"काका, अंगठे बघा," सहर हळूच म्हणाली.

मी चष्मा पुसून भिंग घेतलं. अंगठ्याच्या मधोमध तिरपी चीर होती. कोयत्यानं कापलं जाऊन भरलेल्या जखमेसारखी. कोपीतलीच्या अंगठ्याला. विद्यार्थिनीच्याही. पॅसेंजरच्याही.

मी आयुष्यभर बुवाबाजीवर लिहिलेला माणूस. शाईच्या डबीतच भेग असेल, म्हणून माझा अंगठा उमटवून बघितला. चीर नाही. ज्ञानोबाचा उमटवला. नाही. मग वाटलं, कुणी तरी समाजसेविका असेल. पण पहिल्या नोंदीत आणणारीच्या वयाच्या पुढं 'अंदाजे साठ' होतं आणि सत्तावीस वर्षांनंतरच्या नोंदीतही 'अंदाजे साठ'.

सहरनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. इतर दवाखान्यांतल्या पानांचे फोटो होते. तिथं सही न येणाऱ्यांचाच अंगठा घेतात. लिपी मला वाचता येईना, पण अंगठ्याला लिपी नसते. केरळातल्या पानावर तिरपी चीर. झारखंडातल्या पानावर तिरपी चीर. मी एकेक फोटो पुढं सरकवत राहिलो. बाहेर एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला आणि मी ते गाणं संपेपर्यंत ऐकत बसलो, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

मग तिनं दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर उघडलं. पानाचा नंबर तिला पाठ होता, पण ते पान उलटायला तिला वेळ लागला. शाईस्ता कलीम, वय एकोणीस. बोट आडवं सरकत शेवटच्या रकान्यापाशी आलं.

चीर होती. नातं: फुफी.

"आम्हाला फुफी म्हणजे आत्या नाहीच," सहर म्हणाली. "अब्बा एकटेच." आणि लगेच रडायला लागली. भीतीनं नाही. शाईस्ता न येणाऱ्यांतली होती.

मला वाटलं, संपलं. पोरीला हवं होतं ते मिळालं. पण सहर आकड्यांची माणूस. तिसऱ्या दिवशी तिनं ज्ञानोबाला विचारलं, "चाचा, ह्या मधल्या ओळी कशाच्या?"

रजिस्टरात मधेमधे ओळी होत्या. तारीख, वेळ, नातं, अंगठा. रुग्णाचं नाव कोरं. प्रत्येक ओळीवर आडवी रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात 'नजरचुकीने', खाली सही.

ज्ञानोबा ओशाळला. "कुनी तरी अंगठा देऊन जातंय आन् पेशंट येतच न्हाई. अक्षर माजंच दिसतंय, पन मी लिव्हलेलं न्हाई. माज्या आदीच्या क्लार्कचंबी तसंच हुतं. मग वरून ऑडिटवाले इचारतात. आमी रेघ मारून मोकळं हुतो."

"दिल्लीतसुद्धा त्या ओळी काढूनच टाकतात," सहर म्हणाली. "चुकीची नोंद म्हणून. आमच्या प्रोग्राममध्ये पहिलं काम तेच."

तिनं त्या दिवशी त्या ओळी काढल्या नाहीत. मोजल्या. आमच्या एका दवाखान्यात, तीस वर्षांत, स्वतःला इजा करून दाखल झालेली माणसं सहाशे अठ्ठेचाळीस. कोऱ्या ओळी सातशे दोन. सगळ्यांवर तीच चीर.

मग तिनं सतराही दवाखान्यांच्या काढून टाकलेल्या ओळी परत आणल्या आणि तारखेनं लावल्या. पडदा भरला. ती खाली सरकवत राहिली, ओळी संपेनात. एके ठिकाणी बोट थांबलं. चौदा मार्च, संध्याकाळी पाच वाजता. आमच्याकडं एक कोरी ओळ. झारखंडात एक. केरळात एक. तीच तारीख, तीच वेळ, तोच अंगठा.

मी चष्मा काढला. देवळात गेल्यावर लोकांना काय होतं, ते मी नेहमी थट्टेनंच लिहिलं होतं. त्या पत्र्याच्या खोलीत मी उगाचच चपला काढून बसलो.

"ज्यांना आणलं ते सहाशे," सहर म्हणाली. "आणि हे ज्यांना आणायची वेळच आली नाही. चाचा, चालू रजिस्टर आणता?"

"चालूत कशाला बघायचं?" म्हणत ज्ञानोबा काउंटरवरून ते घेऊन आला.

शेवटचं पान. सकाळचा एक मोटारसायकलचा अपघात. त्याखाली आजची तारीख. वेळ: चार चाळीस. अंगठा. शाई ओली होती, ज्ञानोबाच्या मनगटाला लागली.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मी आताच काउंटरवर हुतो," ज्ञानोबा म्हणाला. "कुनीबी आलं न्हाई."

रुग्णाचं नाव कोरं. नातं: गिऱ्हाईक.

"गिऱ्हाईक?" मी म्हणालो. "म्हणजे दुकानदार असेल कुणी."

गिऱ्हाईक फक्त दुकानातच येतं असं नाही, हे सहरला माझ्या आधी कळलं होतं. तिनं फोन लावला.

रिंग वाजत राहिली.

पुन्हा लावला.

तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. "जिंदा हूं" नव्हतं. चिडलेला, घाईचा आवाज होता.

"आपा, बाद में कर ना. एक बुढी आके बैठी है. पानी मांगी, पानी दी, अब जाती च नहीं. ब्लाऊज के हुक लगा दे बोलती, लगाई तो बोलती टेढे हैं, निकाल. तीन बार निकाली मैं!"

"तू काढ," सहर म्हणाली. "ती सांगेल तितक्यांदा काढ. फोन चालू ठेव."

ज्ञानोबाच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं बसलो. वाटेत ऊसतोडीच्या एका ट्रॅक्टरनं रस्ता अडवला आणि मी त्याला दिलेल्या शिव्या छापण्यासारख्या नव्हत्या. फोनमधून शिलाई मशीनचा आवाज येत होता. थांबायचा. परत सुरू व्हायचा.

घरी पोचलो तेव्हा शाईस्ता एकटीच मशीनपाशी बसलेली. म्हातारी नव्हती. गल्लीच्या दोन्ही तोंडांना कुणी नव्हतं. मांडीवर हिरवा ब्लाऊज होता, हुक लावलेला, बाह्या नसलेला.

"बाह्या उद्या लाव म्हणाली," शाईस्ता म्हणाली. मग तिनं बहिणीचा चेहरा बघितला आणि तिचा स्वतःचा चेहरा बदलला. "दार उघडणार नव्हते मी, आपा. पण ती जातच नव्हती."

सहर तिच्याजवळ खाली बसली आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. मी तासभर घड्याळ बघत बसलो. चार चाळीस झाले. चार एक्केचाळीस झाले.

ब्लाऊजच्या अस्तरावर एक जांभळा अंगठा होता. मधोमध तिरपी चीर.

गुरुवारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई येतात. त्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी आणि त्यांच्यामधे कलीम बसला होता, मांडीवर सीताफळाची पिशवी घेऊन, डॉक्टरीणबाईंना द्यायला. शाईस्ता आता दर गुरुवारी जाते. बाह्या तिनं लावल्या आहेत. न्यायला कुणी आलेलं नाही, तर ती म्हणते, आता काज परत करते, नीट झाले नाहीत. सहरनं दिल्लीला कळवलं की तिच्या अहवालात एक जास्तीचं पान असेल. साहेबांनी विचारलं, या ओळींना नाव काय द्यायचं? ती म्हणाली, अजून ठरलं नाही, पण त्या काढायच्या नाहीत.

मी मात्र त्या गुरुवारी त्या बाकापाशी थांबलो नाही. मागच्या खोलीत गेलो.

"आता कशापायी आलात, विठ्ठलराव?" ज्ञानोबा म्हणाला. "पोरीचं काम तर झालं की."

"गेल्या वर्षीचं रजिस्टर दे. चैत्रातलं."

"त्यात काय हाय?"

"काही नाही. नजरचूक बघायची आहे एक."

त्यानं बस्ता सोडून दिला. तारीख मला शोधावी लागली नाही. त्या दुपारी म्हातारी यायच्या आधी मी काय ठरवून बसलो होतो, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुक्ताबाईच्या फोटोलासुद्धा नाही.

ओळ होती. वर रेघ मारलेली. वेळ: दुपारी तीन पन्नास. तीन पन्नासला मी पाचवा लेख वाचत होतो आणि म्हातारीवर चिडलो होतो.

रुग्णाचं नाव कोरं. अंगठ्याला तिरपी चीर.

नातं: वाचक.